खोड सांगून दिलेला कुत्रा

मुक्या जनावराचें हित व्हावें म्हणून माणसापासून सत्याचा थोडा भाग झांकून ठेवावा काय? हा प्रश्न वाचकांस प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. आम्हांसही तो तसाच वाटला होता, आणि म्हणूनच आमच्या हातून चूक घडली. ती येथें जळकोट गांवींच घडली. आणि ती ज्यांस भोंवली त्यांनीं लिहिण्यास मोकळेपणानें अनुमति दिली असल्यामुळें, ती जशीच्या तशी सांगून मग तिचा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

शहरांतील आमचे एक स्नेही मोकाट व टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या आश्रयस्थानांत सेवा करितात. तेथें तपकिरी रंगाचा, सुमारें चार वर्षांचा एक कुत्रा होता. नसबंदी झालेल्या कुत्र्यास करितात तशी त्याच्या कानाला खांच होती, आणि रेबीजची लस त्यास वेळच्या वेळीं टोचलेली होती. दोन कुटुंबांनीं त्यास नेलें आणि दोघांनींही परत आणून सोडलें. कारण दोन्ही वेळां एकच. खात असतां कोणी जवळ गेलें कीं तो गुरगुरे, आणि तरीही तें माणूस हटलें नाहीं तर दांत लावी. एरवीं तो गरीब होता. काठी दिसतांच पोट जमिनीस लावून कोपरा धरी. स्नेह्यांनीं हें सर्व, कांहीं न लपवितां, आम्हांस कळविलें आणि विचारलें कीं, खेड्यांत मोकळी जागा असते, तेथें कोणी त्यास ठेवून घेईल काय? (शहरच्या लोकांस खेडें हें सर्व खोडींवरचें औषध वाटतें. पण खेड्यांतही माणसेंच राहतात, आणि त्यांचीं मुलें भाकरीचा तुकडा हातांत घेऊनच अंगणभर फिरतात.)

जळकोट हें तुळजापूर तालुक्यांतलें, सोलापूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें गांव. गांवाबाहेर शेतांत वस्ती करून राहणारीं कुटुंबें येथें पुष्कळ. त्यांपैकीं एका शेतकरी गृहस्थांस रानडुकरांच्या उपद्रवामुळें राखणीला कुत्रा हवा होता. आम्हीं त्यांस ह्या कुत्र्याची वार्ता सांगितली. बैल घेतांना विचारावें त्याप्रमाणें त्यांनीं विचारलें, "मास्तर, खोड-बीड न्हाई ना कांहीं?" आमच्या डोळ्यांपुढें शहरांतला तो पिंजरा होता. आम्हीं म्हटलें, "जरा भित्रा आहे, एवढेंच." भित्रा तो होताच. खोटा होता तो शेवटचा शब्द.

पंधरवडा झाला नाहीं तोंच एके दुपारीं त्यांचा सहा वर्षांचा मुलगा कुत्र्याच्या ताटलीपाशीं गेलेला आपला चेंडू उचलण्यास वांकला. कुत्रा गुरगुरला. त्या गुरगुरण्याचा अर्थ मुलास कोणीं सांगितला नव्हता, कारण त्याच्या बापासच तो कोणीं सांगितला नव्हता. मनगटावर दांत रुतले. घरच्यांनीं घाबरून जखमेंत तिखट भरलें आणि मग मुलास घेऊन सरकारी दवाखान्याकडे धांवले.

येथें थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. कुत्रा चावल्यास तिखट, चुना, हळद कांहीं एक भरूं नये. वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें जखम धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. कुत्र्यास लस टोचलेली आहे असें कोणीं सांगितलें तरी डॉक्टरांस विचारल्यावांचून स्वस्थ बसूं नये, आणि कुत्र्यास दहा दिवस नजरेखालीं ठेवावें. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं माणूस बहुधा वांचत नाहीं. त्यापूर्वीं वेळेवर घेतलेल्या लशीनें मात्र वांचतो. १८८५ सालीं लुई पाश्चर ह्यांनीं जोझेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास ती प्रथम दिली, तेव्हांपासून हें जगास ठाऊक आहे.

मुलास लस मिळाली, जखम भरली, आणि कुत्राही दहा दिवस धडधाकट राहिला. अकराव्या दिवशीं ते गृहस्थ त्यास दोरीनें बांधून आमच्या अंगणांत घेऊन आले. ते रागावले असते तर आम्हांस सोपें गेलें असतें. ते ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मास्तर, कुत्रंच हाय, चावायचंच. तुम्हाला ठावं होतं का, तेवढं सांगा." आम्हीं "होय" म्हटलें. ते थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग उठतां उठतां म्हणाले, "सांगितलं असतं तर पोरगं राखलं असतं, अन् ह्यालाबी राखलं असतं."

त्या रात्रीं आम्हीं आपल्या बचावाचीं कारणें एकामागून एक काढून पाहिलीं. आम्हीं जें केलें तें दयेनें केलें, हें पहिलें. हजार खोटें बोलावें पण एक लग्न जमवावें असें लोकच म्हणतात, हें दुसरें. पण ज्या घरांत अशी सोयरीक झाली तेथें पुढें काय चालतें हें आम्हीं इतक्या वेळां पाहिलें आहे कीं, तें कारण आमच्यानें फार वेळ धरवलें नाहीं. तिसरें कारण बाजाराचें. बैलबाजारांत उपरण्याखालीं बोटें धरून भाव ठरतो, आणि विकणारा आपण होऊन बैलाची खोड सांगत नाहीं. खरें, पण तेथें घेणाराही सावध असतो. तो दांत पाहतो, बैल चालवून पाहतो, जुंपून पाहतो. समोरचा माणूस आपला नफा पाहणारा आहे हें तो जाणून असतो. आमच्याकडे ते गृहस्थ सावध होऊन आलेच नव्हते. आम्हीं एक पैही घेतली नव्हती, म्हणून आमचा शब्द त्यांनीं दांत न पाहतां घेतला. फुकट दिलेल्या वस्तूविषयींचें खोटें विकलेल्या वस्तूविषयींच्या खोट्याहून हलकें असतें अशी आमची समजूत होती. ती उलटी होती.

महाभारतांतला युधिष्ठिर सर्वांस ठाऊक आहे. अश्वत्थामा मेला असें तो द्रोणाचार्यांस मोठ्यानें सांगतो आणि मेला तो हत्ती हें हळूच उच्चारतो. हाच युधिष्ठिर पुढें महाप्रस्थानाच्या वेळीं, मागें लागलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गांत येण्याचें नाकारतो. ह्या दोन्ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. पण त्या एकाच माणसाच्या आहेत ह्या गोष्टीचा विचार आम्हीं कधीं केला नव्हता. कुत्र्यासाठीं त्यानें जें सोडलें तें त्याचें स्वतःचें होतें. आम्हीं कुत्र्यासाठीं दुसऱ्याच्या मुलाचें मनगट पणास लावलें, आणि तें त्या मुलाच्या बापास न विचारतां. दयेचा खर्च आम्हीं परस्पर त्यांच्या नांवावर लिहिला, आणि दयाळूपणाचा मान आपल्याकडे ठेवला.

बरें, ह्यांत कुत्र्याचें तरी हित झालें काय? गुरगुरणें हा कुत्र्याचा गुन्हा नव्हे. ती त्याची भाषा आहे. येथवर या, ह्यापुढें येऊं नका, असें तो सांगत असतो. त्याबद्दल त्यास मारलें तर त्याची भीति जात नाहीं, फक्त सूचना देणें जातें, आणि पुढें तो न गुरगुरतां चावतो. पिल्लाच्या जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जें जें त्याच्या ओळखीचें होतें त्याचें भय त्यास पुढें कमी वाटतें. तो काळ ज्याचा दगड चुकविण्यांत आणि उकिरड्यावर घांसासाठीं भांडण्यांत गेला, त्यास अन्नाजवळ येणारा हात हिसकावणारा वाटल्यास नवल नाहीं. आमचा हा कुत्रा अशाच वाटेनें आलेला असावा. त्याची खूण ज्यास ठाऊक आहे त्यास त्याच्यापासून फारसें भय नव्हतें. ज्यास ठाऊक नाहीं त्यास होतें. म्हणजे त्या वस्तीवर तो भयंकर झाला तो आमच्या मौनामुळें. शिवाय आतां त्याच्या नांवावर एका लेंकराचें रक्त लागलें आणि तिसऱ्या घरानें त्यास परत केलें.

परंतु खरें सांगितलें तर अशा कुत्र्यास घेणार कोण? आमचे शहरांतले स्नेही हा प्रश्न विचारतात, आणि तो पोकळ नाहीं. आश्रयाची सोय आपल्याकडे जुनी आहे. १८३२ सालीं मुंबईंत मोकाट कुत्रे मारण्याचें काम सरकारनें चालविलें, तेव्हां पारशी समाजानें दंगा व हरताळ करून त्यास विरोध केला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई प्रभृतींच्या पुढाकारानें तेथें पांजरपोळ निघाली. कायद्याचेंही साह्य आहे. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानें, उपासमार किंवा तहान ह्यांमुळें हाल होतील अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा अपराध ठरविला आहे. आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या प्रकरणांत, मोकाट कुत्रा दत्तक घेऊं इच्छिणाऱ्यास तशी मोकळीक देतांना, तो पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं ही जबाबदारी त्याच्यावरच ठेविली. पण पांजरपोळ म्हणजे घर नव्हे. आणि घेणाऱ्यानें जबाबदारी पाळावी अशी अपेक्षा असेल तर कशाची जबाबदारी घेत आहों हें त्यास आधीं कळलें पाहिजे. खोड लपवून दिलेला कुत्रा बहुधा परत येण्याच्याच वाटेला लागतो, आणि परत आणून सोडण्याचाही संकोच वाटला तर हमरस्ता जवळच असतो.

तेव्हां खरें सांगितल्यानें घेणारे कमी मिळतील हें आम्ही कबूल करितों. कदाचित् एकही मिळणार नाहीं. अशा वेळीं ज्यास खोड ठाऊक आहे त्यानेंच कुत्र्यास ठेवून घ्यावें, किंवा आश्रयस्थानांत त्याच्या पोटाची सोय लावावी. न जाणणाऱ्याच्या गळ्यांत त्यास बांधूं नये. हें कठीण आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस गांवोगांवच्या माणसांविषयीं शिफारसपत्रें द्यावीं लागतात. एका गांवीं न खपलेला मनुष्य चांगलें पत्र देऊन दुसऱ्या गांवीं पाठविला, म्हणजे पहिल्या गांवाची अडचण मिटते, हें त्यांस ठाऊकच आहे. दुसऱ्या गांवाचें काय होतें, हेंही ठाऊक आहे. तेथें माणसाची अब्रू असते, म्हणून तो विषय अधिक नाजूक; पण ज्याच्या अंगणांत मुलें आहेत त्यास विचारण्याचा अधिकार दोन्हीकडे सारखाच आहे.

कुत्रा आमच्याकडेच राहिला. जित्याची खोड मेल्यावांचून जात नाहीं, असें शेजारीं म्हणूं लागले. आमचा अनुभव असा कीं, ती गेली नाहीं, पण लहान झाली. त्याच्या खाण्याची जागा आम्हीं भिंतीच्या आडोशास ठरवून दिली, आणि तो खात असतां तिकडे कोणीं फिरकूं नये असा घरांत नियम केला. पुढें आम्ही सहा-सात हात दूर उभे राहून त्याच्या ताटलींत त्याच्या भाकरीहून चांगला तुकडा, कधीं उकडलेलें अंडें, टाकीत असूं व लगेच मागें फिरत असूं. म्हणजे येणारा माणूस कांहीं घेण्यास नव्हे, देण्यास येतो असें त्याच्या मनांत बसावें. घाई केली तेव्हां तेव्हां बिघडलें. एकदां पाहुण्यांपुढें हें कौतुक दाखविण्याच्या नादांत आम्ही तीन हातांवर गेलों आणि तो असा गुरगुरला कीं, पुन्हां आठवडाभर मागें यावें लागलें. (कौतुक दाखविण्याची खोड कोणाची, हें येथें सांगावयास नको.) बाहेर नेतांना त्यास मुसकें घालण्याची संवयही हळूहळू लाविली. आठ महिन्यांनीं तो दोन हातांवर उभ्या राहिलेल्या माणसास सोसूं लागला. त्याहून जवळ आम्ही गेलों नाहीं.

त्या सुमारास रस्त्याच्या कामावरून निवृत्त झालेले एक वृद्ध मैलकुली त्यास मागावयास आले. घरीं ते व त्यांची पत्नी दोघेंच. मुलें पुण्याकडे कामास. शेळ्या-कोंबड्या नाहींत, नातवंडें वर्षांतून एकदां येतात. आम्हीं त्यांस ओट्यावर बसवून सर्व सांगितलें: दोन घरें, ताटली, काठी, आणि त्या मुलाचें मनगटही. नातवंडें येतील ते दिवस कुत्रा आमच्याकडे आणून सोडावा, आणि मुळींच जमलें नाहीं तर केव्हांही परत आणावा, तोंड चुकवूं नये, हेंही सांगितलें. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं तो रात्रीं भुंकतो काय. भुंकतो, असें आम्हीं म्हटलें. ते "बघतो" म्हणून निघून गेले, आणि ते पुन्हां येणार नाहींत अशी आम्हीं मनाची तयारी केली.

चौथ्या दिवशीं ते नवी दोरी घेऊन आले. त्याच वेळीं वस्तीवरचे ते शेतकरी गृहस्थ कांहीं कामानें मुलासह आमच्याकडे आले होते. मुलगा बापाच्या मागें उभा राहून कुत्र्याकडे पाहत होता. त्याच्या मनगटावरचा वण अजून दिसतो. वृद्ध गृहस्थ पट्ट्यांत दोरी ओवीत असतां तो पुढें झाला आणि म्हणाला, "आबा, त्यो खात असला की जवळ जाऊं नगा. अन् गुरगुरला की थांबा."

"किती लांब थांबू?" त्यांनीं विचारलें.

मुलानें अंगणांत दोन पावलें मोजून दाखविलीं, मग विचार करून आणखी एक टाकलें.