गिऱ्हाईक शोधताना

हल्ली घरबसल्या ऑनलाइन दुकान काढणाऱ्यांचा एक मंत्र आहे : आधी गिऱ्हाईक शोधा, माल मागाहून ठरवा. आमचा पुतण्या गिऱ्हाइकाला ‘टार्गेट’ म्हणतो. म्हणजे नेम आधी धरायचा, बाण मागनं आणायचा!

हसू नका, यात शहाणपण आहे. कोपऱ्यावरचा वाणी दुसरं काय करतो? कुणाकडे उपास, कुणाकडे बाळंतीण, हे हेरूनच तो साबुदाणा नि अळीव मागवतो. त्याला कुणी पापी म्हणत नाही.

आता दुसरी तऱ्हा पाहा. अमेरिकेत १८७९ साली लिस्टरीन निघालं ते शस्त्रक्रियेच्या वेळचं जंतुनाशक म्हणून. पुढं १९२०च्या दशकात जाहिरातींनी तोंडाच्या दुर्गंधीची अशी धास्ती घातली, की माणसाला चारचौघांत बोलायची चोरी! माल तोच, गिऱ्हाईक मात्र नवं घडवलं.

वाणी नड ओळखतो, हे नड चिकटवतात. गिऱ्हाईक मिळवणं वेगळं आणि एखाद्याचं ‘गिऱ्हाईक करणं’ वेगळं, हे आपल्या भाषेला केव्हाच कळलंय. पण नेम दोघांनाही धरावा लागतो. तो माणसाच्या गरजेवर आहे की भीतीवर, हे ज्याच्या त्याच्या मनालाच विचारावं लागतं. आणि ते नेमकं दुकान उघडायच्या वेळी झोपलेलं असतं!