बेलभंडारा, पाकीट आणि चौथे शील



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे पुण्यात येरवडा, ताडीवाला रस्ता, पर्वती अशा वस्त्यांत वर्षानुवर्षे राहत आहेत; परंतु मतदारयादीतील त्यांची नावे अजून तालुक्याच्या कुठल्यातरी लहान गावीच आहेत. निवडणूक आली की गावाहून गाडी येते. जेवणाची सोय होते, पाकीट मिळते. कित्येक ठिकाणी तर आदल्या रात्री तळहातावर बेलभंडारा ठेवून वदवून घेतात, की मत अमक्यालाच देईन.

ज्यांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या, त्यांना भंडाऱ्याचे भय उरलेले नाही. म्हणून आपल्या मंडळींनी एक तोड काढली आहे. आपण खंडोबा मानीत नाही, तेव्हा शपथ खुशाल घ्या, पैसेही घ्या, आणि मत मनाला येईल त्याला द्या! पुढारी ही युक्ती सभेत सांगतात, आणि लोक हसून टाळ्या वाजवतात. बौद्ध माणसाने असे करावे काय, एवढाच प्रश्न मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला शील शिकवू नका. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे, तोच दारात भंडारा घेऊन उभा असेल, तर ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी काम मिळणार नाही. तथागतांनी हेतूलाच कर्म म्हटले आहे. भीतीपोटी निघालेल्या शब्दाचा मोठा दोष भीती घालणाऱ्याच्या माथी जातो. तिने घेतलेली शपथ तिला बांधीत नाही, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

पण पाकिटाचे तसे नाही. शपथ लादली जाते, पाकीट आपण हात पुढे करून घेतो. घेताना मनात ‘याला फसवायचे’ असा निश्चय असतो, आणि ‘खोटे बोलणार नाही’ ही प्रतिज्ञा तेवढ्यापुरती खुंटीवर टांगली जाते. कायद्यानेही मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघेही गुन्हेगार आहेत. शिवाय व्यवहार पाहा. पैसे वाटणारा काही भोळा नसतो. काही मते फुटणार, हे तो हिशेबात धरूनच असतो. आपण त्याला फसवले असे आपल्याला वाटते. त्याने मात्र या वस्तीचा भाव काय, हे लिहून घेतलेले असते. पुढे पाच वर्षे नळाचे पाणी मागायला जा, ‘तुमचे पैसे तुम्हाला पोचले’ हे उत्तर तयार.

बाबासाहेबांच्या आयुष्यात हा प्रश्न फार कठोर रूपाने आला होता. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते होती. तेथे मते कुजवण्याचा प्रचार झाला, हजारो मते वाया गेली, आणि ते १४,५६१ मतांनी पडले. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. तीही द्विसदस्यच. आता आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवावे म्हणजे बाबासाहेब निवडून येतील, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला. हिशेब चुकीचा नव्हता. बाबासाहेबांनी त्याला नकार दिला. ते पडले, आणि सर्वसाधारण जागेवर त्यांचे सहकारी अशोक मेहता निवडून आले. ज्या शस्त्राने आपण घायाळ झालो तेच हाती घ्यायचे नाही, हे त्यांनी पराभव पत्करून पाळले. आपल्यापुढे तर पाचशेची नोट असते.

आता वस्तीविषयी. मतदान यंत्रावर केंद्रागणिक मोजणी होते, त्यामुळे लहान गावात आपली वस्ती कुठे झुकली हे दुसऱ्याच दिवशी सर्वांना कळते. एकट्याचे मत गुप्त राहते, वस्तीचे राहत नाही. म्हणून ‘सगळ्यांनी एकगठ्ठा द्या, नाहीतर फुटलो म्हणतील’ असा दबाव आतूनच येतो. एकजूट हवी, याबद्दल वाद नाही. १९३२ च्या पुणे करारापासून राखीव जागेवरही मत सर्वांचे चालते. फुटलेल्या वस्तीला तेथे कोण विचारणार? परंतु एकजूट चर्चेतून झाली की हुकुमातून? गुरूने सांगितले म्हणूनही स्वीकारू नका, असे बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. मग वस्तीच्या पुढाऱ्याने रात्रीत सौदा करून आणलेले नाव आपण का स्वीकारावे? पाटलाच्या वाड्यावरून येणारा हुकूम आता समाजमंदिरातून येतो, एवढाच तो फरक. आणि घरात? सुनेचे मत सासरा ठरवतो, ते कोणत्या धम्मात बसते?

उपाय सोपा नाही, पण अशक्यही नाही. पाकीट परत करायला एकट्या बाईला पाठवू नका. वस्तीतल्या दहा घरांनी आधी बसून ठरवावे आणि एकत्रच ‘आमच्यात घेत नाहीत’ म्हणावे. कोणाला मत देणार असे विचारले तर गप्प राहणे हा आपला हक्क आहे. खोटे सांगण्याची गरजच पडत नाही.

पुण्यात कायम राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. उमेदवाराने मतदारांना फुकट गाडीने केंद्रावर नेणे हा भ्रष्ट आचार आहे, आणि मतदार जेथे सामान्यतः राहतो तेथेच त्याचे नाव असावे असा नियम आहे. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज शेजारच्या शिकलेल्या मुलामुलींनी रविवारी वंदनेनंतर विहारात बसून भरून द्यावा.