रामा शेट्टीचं पाप कुणाच्या खाती

नटानं सोंगात केलेलं पाप त्याच्या अंगाला लागतं का? आमच्या घोडेगावात या प्रश्नाला कुणी हसत नाही. नगर–संभाजीनगर रस्त्यावरून शनिशिंगणापूरला वळणारा फाटा इथलाच. शनिअमावस्येला गाड्यांची रांग लागते, आणि त्या गाड्यांतली माणसं एकाच हिशेबाच्या भीतीनं आलेली असतात: केलेलं कुठे ना कुठे फेडावं लागतं. तालुका नेवासा. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती याच तालुक्यात, आणि ज्या खांबाला टेकून सांगितली म्हणतात तो खांब आजही तिथं उभा आहे. करणारा कोण आणि भोगणारा कोण, हा विषय त्यामुळे आमच्याकडे पारावरही निघतो नि सप्ताहातही.

मी कांद्याच्या आडतीवर हिशेब लिहितो आणि यात्रेच्या नाटकात वाईट माणसं करतो. सावकार केला, कंस केला, दुःशासन तर किती वर्षं केला. दुःशासनाच्या प्रयोगानंतर आई मला चुलीपुढे बसवून मीठ-मोहऱ्या ओवाळायची आणि मगच ताट वाढायची. "सोंग असलं तरी हात तुझाच होता ना बाळा," म्हणायची. तिचं हे म्हणणं मी अडाणीपणात कधीच काढलं नाही. तत्त्वज्ञानातला एक खरा पेच तिनं बरोबर पकडला होता.

या पेचाचा विचार करताना माझ्यापुढे कायम सदाशिव अमरापूरकर येतात. ते आमच्या जिल्ह्याचे, जन्म ११ मे १९५०. मूळ नाव गणेशकुमार. सदाशिव हे रंगभूमीसाठी घेतलेलं. पुणे विद्यापीठातून इतिहासात एम. ए. झालेला हा माणूस मराठी नाटकांत कामं करत होता. 'हँड्स अप' या नाटकातलं त्यांचं काम गोविंद निहलानी यांनी पाहिलं आणि १९८३ च्या 'अर्धसत्य'मध्ये त्यांना रामा शेट्टी दिला. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. पडद्यावर रामा शेट्टी फार वेळ नाही. पण जेवढा आहे तेवढ्यात तो ओरडत नाही, डोळे वटारत नाही. त्याच्या दारात आलेल्या फौजदाराशी तो असा बोलतो, जणू त्या फौजदाराचं आपल्याला पुढेमागे काम पडणारच आहे. निवडणुकीला उभा राहणारा, चार माणसांना मदत करणारा, शांत आवाजाचा गुंड. मी तो नगरला थिएटरात पाहिला आणि बाहेर आल्यावर वाटलं, या माणसाला आपण ओळखतो. अशा चार-दोन माणसांना मी रोज नमस्कार करत होतो.

आता आईच्या हिशेबानं रामा शेट्टीचे खून अमरापूरकरांच्या खाती पडायला हवेत. मग दुसरी बाजूही मांडावी लागेल. १९७९ च्या '२२ जून १८९७' या चित्रपटात ते लोकमान्य टिळक झाले होते. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज' या मालिकेत ते महात्मा फुले झाले. मग फुल्यांचं पुण्य त्यांना लाभलं का? मुलींच्या शाळेचं, खुल्या केलेल्या हौदाचं? हे कुणी म्हणत नाही. सोंगातलं पाप चिकटतं आणि सोंगातलं पुण्य मात्र निथळून जातं, असा कर्माचा कायदा कोणत्याही शास्त्रात नाही. पापाबद्दलची आपली भीती पुण्याबद्दलच्या आशेपेक्षा मोठी असते, एवढंच त्यातून कळतं. शनीचंही तसंच आहे. शनिमाहात्म्यात विक्रमराजाचे हातपाय जातात, तेल्याच्या घाण्यावर बसायची पाळी येते. पण शेवटी तोच शनी सगळं परत देतो. हा भाग ऐकलेला असूनही माणसं तेल ओततात ती पहिल्या भागाच्या धाकानं. अमरापूरकर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामाशी जोडलेले होते, त्यांना मी दिलेला हा दाखला रुचला नसता. मला तो सोडवत नाही, कारण तेलाच्या वासात मी वाढलो आहे.

ज्ञानदेवांनी तिसऱ्या अध्यायात बहुरूप्याचा दृष्टांत दिला आहे. बहुरूपी राजा होतो, राणी होतो, मनात मात्र स्त्री-पुरुष असा भाव नसतो. तरी लोकांपुढे सोंग जसंच्या तसं वठवतो. सप्ताहात कीर्तनकार इथवर आले की मी सावरून बसतो. बहुतेक जण या दृष्टांतातून अलिप्तता तेवढी उचलतात: आत काही नाही, म्हणून बाहेरचं काही लागत नाही. पण ही ओवी कुठे आली आहे ते पाहावं. ज्याला स्वतःसाठी काहीच मिळवायचं उरलं नाही, त्यानंही लोकांसाठी कर्म करत राहावं, त्याच्याकडे बघून लोक वाट धरतात, असं तिथं सांगणं चाललं आहे. म्हणजे बहुरूपी सुटतो तो दोन कारणांनी. मन अडकलेलं नाही, हे एक; आणि सोंग ज्यांच्यासाठी आहे त्यांचं भलं त्याच्या नजरेपुढे आहे, हे दुसरं. दुसरं कारण काढून टाकलं तर पहिलं फार धोक्याचं आहे.

ते किती धोक्याचं, हे मी बाजारात पाहतो. कांदा पडला की लिलावात दोन-तीन रुपये किलोनं गोण्या जातात. गोल्टी म्हणजे बारीक कांदा, आणि जोड कांदा तर त्याहून खाली. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून मी पट्टी लिहितो आणि शेतकरी ती पट्टी हातात धरून उभा राहतो. अशा वेळी बाजारातला प्रत्येक जण म्हणतो, मी फक्त माझं काम केलं. व्यापारी म्हणतो, हमाल म्हणतो, हिशेब लिहिणाराही म्हणू शकतो. पण ते सोंग नव्हे. पट्टीवरचा आकडा कुणाच्या तरी घरात शिरतो, पोराची फी अडते, बियाण्याची उधारी राहते. रामा शेट्टीचा सुरा मात्र कुणाच्याही पोटात गेलेला नाही. खऱ्या कर्माला सोंगाचं नाव देऊन सुटका करून घेणं मला नटाच्या कोणत्याही पापापेक्षा मोठं पाप वाटतं. नट जे करतो ते सोंग आहे असं उघड सांगून करतो.

आणि हे उघड सांगणं नटाला किती मोलाचं वाटतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. मार्गारेट हॅमिल्टन ही चरित्र अभिनेत्री १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मध्ये दुष्ट चेटकीण झाली होती. हिरव्या रंगाच्या त्या तोंडाला अमेरिकेतल्या पोरांच्या पिढ्या घाबरल्या. बाई मूळच्या बालवाडीच्या शिक्षिका. १९७५ मध्ये लहान मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमात त्या साध्या कपड्यांत आल्या, चेटकिणीचा पोशाख मुलांसमोर एकेक करून अंगावर चढवला आणि हे सगळं खोटंखोटं होतं हे त्यांना समजावलं. छत्तीस वर्षं उलटून गेली होती. तरी मुलांच्या मनात उरलेली भीती ही आपली जबाबदारी आहे, असं त्यांना वाटलं असावं.

इथं माझा अमरापूरकरांशी एक वाद आहे, आणि तो त्यांच्यावरच्या प्रेमातून आहे. १९९१ चा महेश भट्टांचा 'सडक'. त्यात ते महाराणी झाले: साडी, कुंकू, कोठा चालवणारी, मुली विकणारी तृतीयपंथी. फिल्मफेअरनं खलनायकासाठी पारितोषिक सुरू केलं ते पहिलं याच कामाला मिळालं. अभिनय म्हणून मी तो वारंवार पाहिला. इतकी मोठी क्रूरता इतक्या मजेत करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. पण आमच्या फाट्यावर तृतीयपंथी टाळ्या वाजवत गाड्यांपाशी येतात, तेव्हा पोरं त्यांना महाराणी म्हणून हाका मारायची. दगडही मारायची. पडद्यावरच्या महाराणीचं पाप अमरापूरकरांना लागलं नसेल, पण ते हवेत विरलंही नाही. ज्यांनी कुणाला विकलं नव्हतं, ज्यांना सिनेमातून एक पैसा मिळाला नव्हता, अशांच्या अंगावर ते जाऊन पडलं. रामा शेट्टी पाहून मी ताकदवान माणसाला ओळखायला शिकलो. महाराणी पाहून आमची पोरं दुबळ्या माणसाला घाबरायला आणि छळायला शिकली. दोन्ही कामं एकाच नटाची, एकाच तोलाची. आणि हे त्या तालुक्यात, जिथं मोहिनीराजाचं देऊळ आहे, जिथं देवानं घेतलेल्या स्त्रीरूपापुढे आपण डोकं टेकतो.

हा दोष एकट्या नटाचा नाही. लिहिणारा, दाखवणारा, तिकीट काढून टाळ्या वाजवणारा मी, सगळे त्यात आहोत. पण माझ्या आईचा प्रश्न चुकीच्या माणसाकडे बोट दाखवत होता, असं मला आता वाटतं. सोंगातलं पाप नटाला लागतं का, यापेक्षा ते कुणाला लागतं, हे विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट इथं मांडतो, तिच्यातून काही सिद्ध होतं असं न म्हणता. नगरमध्ये १९८९ पासून स्नेहालय ही संस्था वेश्यावस्तीतल्या बायकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी काम करते. अमरापूरकर त्या कामाशी जोडलेले होते. सामाजिक कृतज्ञता निधीशी आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाशीही होते. कोठा चालवणारी महाराणी ज्यानं केली, तोच माणूस आपल्या गावी कोठ्यांत जन्मलेल्या पोरांच्या बाजूनं उभा होता. हे प्रायश्चित्त होतं असं मी म्हणणार नाही. मनातलं कोण जाणतो. मार्च २०१३ मध्ये राज्यात दुष्काळ होता, आमच्या भागात जनावरं छावणीत बांधली होती. होळीला मुंबईत वर्सोव्यात त्यांच्या राहत्या भागात पाणी उधळून नाच चालला होता, तो थांबवायला ते गेले आणि त्यांना मारहाण झाली. वय बासष्ट. पडद्यावर शेकडोंना दम दिलेल्या माणसानं जमावापुढे जाऊन सांगितलं, की तिकडे प्यायला पाणी नाही. पुढच्या वर्षी ३ नोव्हेंबरला, म्हणजे २०१४ मध्ये, ते गेले.

आमच्या मंडळात आता दुःशासन एक तरुण पोरगा करतो. त्याची आई परवा आडतीवर आली. म्हणाली, "दादा, देवीच्या यात्रेत बाईच्या लुगड्याला हात घालायचा, ह्याला काही बाधणार तर नाही ना?" मी म्हणालो, "वहिनी, ह्याला नाही बाधणार. पण लुगडं ओढताना मंडपातून शिट्ट्या आल्या, तर त्या कुठून आल्या ते मला बघायला लागेल." मागं अशा शिट्ट्या आल्या आहेत. तो प्रसंग द्रौपदीच्या बाजूनं कसा उभा करायचा, दुःशासनानं तोंड कुणाकडे ठेवायचं, दिवा कुणावर पाडायचा, यावर तालमीत आमचं भांडण चालू आहे. काही जण म्हणतात, शिट्ट्या बंद झाल्या तर गर्दी निम्मी होईल. मी म्हणतो, होऊ द्या.