गरजेपुरती आठवण

‘नाटकातली मैत्री पडदा पडेपर्यंतच,’ असं हौशी रंगभूमीवर चेष्टेनं म्हणतात. पुण्यात एम.बी.बी.एस. करत असताना एका उन्हाळ्यात आम्ही नऊ-दहा जणांनी एकांकिका बसवली. दीड महिना रोज तालीम, निम्मानिम्मा चहा, मग प्रयोग आणि पांगापांग. आज कुणी सांगलीत, कुणी नाशकात, कुणी न्यू जर्सीत आणि मी मनामात. अशा मैत्रीशी माणसानं किती काळ बांधील राहायचं? संपर्क तुटला तर तो दोष मानायचा का?

प्रश्न जुना आहे. महाभारतातले द्रोण आणि द्रुपद एकाच आश्रमात शिकले. पुढे दारिद्र्यानं गांजलेले द्रोण मैत्रीच्या भरवशावर राजा झालेल्या द्रुपदाकडे गेले. द्रुपदाच्या उत्तराचा आशय असा, की मैत्रीसुद्धा काळानं झिजते. तेव्हा निमित्तानं एकत्र होतो, ते निमित्त संपलं. उत्तर उद्धट खरं, पण तर्काला सोडून नाही. आपणही मनात असंच म्हणतो, जरा सौम्य शब्दांत.

याउलट सुदामा. पोह्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण भागवतात श्रीकृष्ण त्याला कुठली आठवण सांगतात, ते पाहण्यासारखं आहे. गुरुपत्नीसाठी सरपण आणायला दोघे रानात गेले, वादळी पावसात वाट चुकले आणि रात्रभर एकमेकांचा हात धरून भटकले, ती रात्र! एकत्र केलेलं काम आणि त्यात लागलेला एकमेकांचा आधार, हाच त्या मैत्रीचा पाया.

नाटकातल्या मैत्रीचाही तोच असतो. १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलेलं ‘घाशीराम कोतवाल’ आठवा. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे, दोघेही बी. जे. मेडिकलचे डॉक्टर. त्यात ब्राह्मणांची रांग हाच पडदा. एक जण जागेवर नसला तर पडद्याला भगदाड! शेजारचा आपल्याला आवडतो की नाही, हा प्रश्नच नसतो. तो तिथं हवा असतो.

म्हणूनच ‘गरजेपुरती आठवण काढतो’ ही आपली नेहमीची तक्रार मला पटत नाही. आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. दिवाळीला पणत्या, संक्रांतीला तिळगूळ, सगळं वेळेवर येतं. त्याला संपर्क म्हणता येईल. पण आमच्या एकांकिकेचा प्रॉम्प्टर अकरा वर्षांनी एकदा थेट फोन करून वडिलांच्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट वाचून दाखवू लागला. तिकडे रात्रीचे साडेअकरा, इथं नऊ. ‘कामापुरता फोन,’ असं घरात कुणीतरी म्हणालं. मला मात्र तो फोन शंभर शुभेच्छांहून मोलाचा वाटला. विंगेत बसून त्यानं मला शब्द पुरवले होते. आज त्याला शब्द हवे होते.

इथवर सोपं आहे. अवघड बाजू आपली, परदेशस्थांची. आपल्याला द्यायला आवडतं. सुट्टीत जाताना खजूर, अत्तरं, सुकामेवा नेतो, मंडळाला देणगी देतो. मागणं मात्र कमीपणाचं वाटतं. पण ज्याला कुणाकडून काही लागत नाही, त्याच्याशी मैत्री कशी राहील? दोन वर्षांपूर्वी पुण्यात एकटी राहणारी माझी आई घरात पडली. मी एकांकिकेची प्रकाशयोजना करणाऱ्या मित्राला फोन लावला. चार वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. ‘पत्ता तोच ना?’ एवढंच विचारून तो निघाला आणि वीस मिनिटांत पोचला. पुढे तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्या रात्री दवाखान्यात तोच बसून होता.

तेव्हा माझं मत असं. सगळ्यांशी सतत बोलत राहणं हे कर्तव्य नाही, ते शक्यही नाही. हाक आली की ओ देणं हे कर्तव्य आहे, आणि गरज पडली तर संकोच न करता हाक मारणं हेही.

बहारीनमध्ये हे रोजचंच आहे. गणपतीच्या नाटकात बरोबर असलेलं कुटुंब पुढच्या वर्षी नोकरी संपवून गेलेलं असतं. निरोप देताना आपण म्हणतो, ‘संपर्कात राहू या.’ त्याऐवजी म्हणावं, ‘काही लागलं तर मला सांग, मला लागलं तर मी तुला सांगेन.’ यातलं दुसरं वाक्य म्हणायला जास्त धीर लागतो.