घरांतील पडदा आणि मूळ कृतीशीं इमान

कलाकृति ज्या जागेसाठीं निर्माण झाली त्या जागेपासून तिला दूर नेली, म्हणजे तिच्याशीं आपलें कर्तव्य काय उरतें, हा प्रश्न तसा जुना आहे. देवळाच्या भिंतीवरील शिल्प संग्रहालयाच्या दालनांत ठेवलें, मैफलींतील गाणें तबकडींत भरलें, रंगभूमीवरील नाटक पुस्तकांत छापलें, कीं तो प्रत्येक वेळीं नव्यानें उभा राहतो. सांप्रत एका क्षुल्लक वाटणाऱ्या निमित्तानें तो आपल्या बैठकीच्या खोलींत शिरला आहे. घरच्या दूरचित्रवाणीवर एखादा भव्य परदेशी चित्रपट चालू असतां चित्राच्या वर व खालीं असलेल्या काळ्या पट्ट्या एकाएकीं नाहींशा होतात, चित्र सगळा पडदा व्यापतें, आणि कांहीं मिनिटांनीं त्या पट्ट्या पुन्हां येऊन बसतात. वडील मंडळींस वाटतें कीं यंत्र बिघडलें. तरुण मंडळी सांगतात कीं हें मुद्दाम केलेलें आहे. मुद्दाम केलेलें असेल, तर तें योग्य आहे काय, याचा विचार करण्याचें मी येथें योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. या प्रकाराचें मूळ आयमॅक्स नांवाच्या पद्धतींत आहे. कॅनडांत सिद्ध झालेली ही पद्धति १९७० सालीं जपानांतील ओसाका येथील जागतिक प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. नेहमींची फिल्म यंत्रांतून उभी धांवते. आयमॅक्सची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी धांवते, व तिच्या एकेका चित्रास कडेच्या १५ छिद्रांएवढी जागा मिळते. त्यामुळें चित्राचें क्षेत्र पुष्कळ मोठें होतें, व त्याचा आकार उंच, म्हणजे रुंदी १.४३ तर उंची १ अशा प्रमाणाचा, असतो. उलट, आजच्या बहुतेक भव्य चित्रपटांची चौकट रुंद व बुटकी, सुमारें २.४० : १ या प्रमाणाची असते. आयमॅक्सचा कॅमेरा जड, त्याची फिल्म महाग, आणि त्याचा आवाज इतका मोठा कीं त्याच्यासमोर चाललेलें संभाषण स्वच्छ ध्वनिमुद्रित करणें अवघड. यास्तव कथाचित्रांत त्याचा उपयोग निवडक प्रसंगांपुरता होऊं लागला. क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’ (२००८) या चित्रपटांतील सुमारें २८ मिनिटांचा भाग या कॅमेऱ्यानें घेतलेला आहे. मोठ्या आयमॅक्स चित्रगृहांत हे प्रसंग आले म्हणजे चित्राची रुंदी तीच राहून उंची जवळजवळ १.७ पट होत असे.

घरच्या पडद्याचें प्रमाण आतां १६ : ९, म्हणजे सुमारें १.७८ : १, असें रूढ झालेलें आहे. त्यावर २.४० प्रमाणाचें चित्र दाखविलें तर पडद्याच्या उंचीचा सुमारें पाव भाग काळा राहतो. आयमॅक्सचें चित्र पडदाभर दाखवावयाचें, तर त्याच्या मूळ उंचीचा सुमारें पांचवा हिस्सा छाटावा लागतो. या अडचणींतून प्रकाशकांनीं निरनिराळे मार्ग काढले. ‘द डार्क नाइट’च्या ब्लू-रे तबकडीवर चौकट बदलती ठेवली, त्याच चित्रपटाच्या डीव्हीडीवर ती स्थिर ठेवली. ब्रॅड बर्ड यांच्या ‘मिशन : इम्पॉसिबल – घोस्ट प्रोटोकॉल’ (२०११) या चित्रपटांत आयमॅक्सचे प्रसंग असूनहि त्याच्या ब्लू-रे तबकडीवर प्रथमपासून अखेरपर्यंत एकच रुंद चौकट आहे. ‘स्टार ट्रेक इंटु डार्कनेस’ (२०१३) प्रथम स्थिर चौकटींत विकला गेला, व पुढील वर्षीं निघालेल्या संचांत त्याची चौकट बदलती झाली. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेंतील २००९ च्या चित्रपटाची बदलती आवृत्ति तर अमेरिकेंत एका विशिष्ट दुकान-संस्थेकडेच मिळे. म्हणजे एकाच प्रश्नाचीं इतकीं उत्तरें, आणि त्यांपैकीं कांहींमागें कलेचा विचार, तर कांहींमागें केवळ बाजाराचा.

स्थिर चौकटीच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें प्रथम ऐकावें, कारण तें सहज झिडकारण्यासारखें नाहीं. ते म्हणतात : चित्रगृहांत उंची वाढते तेव्हां चित्राची कड प्रेक्षकाच्या दृष्टीच्या टप्प्याबाहेर जाते. चौकट बदलली असें त्यास वाटत नाहीं. आपण त्या स्थळीं जाऊन उभे आहों असें वाटतें. घरीं मात्र पडद्याची कड, तिच्या बाजूची भिंत, भिंतीवरील घड्याळ हें सर्व एकाच वेळीं डोळ्यांपुढें असतें. तेथें उंची वाढते ती केवळ एक-तृतीयांशानें, आणि ती वाढतांना स्पष्ट दिसते. जी क्रिया चित्रगृहांत चौकटीचें भान हरपविते, तीच घरीं चौकटीचें भान करून देते. मग बाह्य रूप राखून परिणाम उलटा करणें यास इमान कसें म्हणावें?

या आक्षेपांतील तथ्य एका जुन्या उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्स यांचा ‘नेपोलियन’ हा मूकपट १९२७ सालीं पॅरिसच्या ऑपेरागृहांत दाखविला गेला. त्याच्या अखेरीस एका पडद्याच्या दोहों बाजूंस आणखी दोन पडदे उजळत, आणि तीन यंत्रांनीं मिळून एक विशाल चित्र उभें राही. त्याचें प्रमाण सुमारें ४ : १ इतकें रुंद होतें. आतां हाच चित्रपट घरच्या पडद्यावर पाहा. आरंभींचें साधें चित्र पडद्याची सगळी उंची व सुमारें पाऊण रुंदी व्यापतें. शेवटचें तिपदरी चित्र सगळी रुंदी व्यापतें खरें, पण त्याची उंची पडद्याच्या निम्म्याहूनहि कमी होते. गान्स यांनीं जेथें चित्र तिप्पट केलें, तेथें तें घरीं पूर्वीपेक्षां लहान होतें! प्रमाणाचे आंकडे तंतोतंत राखले, आणि अर्थ मात्र उलटला. यावर कोणी कठोर तर्कानें म्हणेल कीं, मग आधींचा सगळा चित्रपटच त्या हिशेबानें लहान दाखवावा, म्हणजे शेवटचा विस्तार विस्तार वाटेल. परंतु पूर्ण स्वरूपांत पांच तासांहून अधिक चालणारा चित्रपट केवळ त्या एका क्षणासाठीं पडद्याच्या मध्यावर हातरुमालाएवढा दाखविणें हें एका गोष्टीशीं इमान राखण्यासाठीं दुसऱ्या शंभर गोष्टींशीं बेइमान होणें नव्हे काय? तात्पर्य, कृतीचा प्रत्येक गुण एकाच वेळीं राखणारी प्रत संभवत नाहीं. प्रत करणारास कांहींतरी सोडावेंच लागतें. काय सोडावें, हें ठरवितांना मात्र तो विवेकानें वागतो कीं सोयीनें, हाच नीतीचा प्रश्न होय.

आतां दुसरा पक्ष. बदलत्या चौकटीचे पुरस्कर्ते विचारतात कीं, जें चित्र घेतलें आहे, ज्याची रचना दिग्दर्शकानें डोळ्यांत तेल घालून केली आहे, आणि जें दाखविण्यास पडद्यावर जागाहि आहे, तें काळ्या पट्ट्यांखालीं झांकण्याचा अधिकार कोणास? त्यांच्या या संतापास इतिहासाचा आधार आहे. १९५३ नंतर रुंद चौकटीचे चित्रपट निघूं लागले, आणि पुढें ते दूरचित्रवाणीच्या चौरसप्राय पडद्यावर दाखवितांना त्यांच्या दोहों कडा सर्रास कापल्या जात. दोघे बोलत असले तर एकाचेंच तोंड दिसे. हें प्रेक्षकांच्या सुखासाठीं केलें असें सांगण्यांत येई, कारण काळ्या पट्ट्या लोकांस आवडत नाहींत! वुडी ॲलन यांनीं ‘मॅनहॅटन’ (१९७९) या आपल्या चित्रपटाच्या घरगुती फितीवर पट्ट्या ठेवाव्याच लागतील असा आग्रह धरिला, तेव्हां ती गोष्ट अपवादात्मक समजली गेली. त्या काळीं पट्टी ही प्रामाणिकपणाची खूण होती. चित्र संपूर्ण आहे, तुमचा पडदाच त्याच्या घाटाचा नाहीं, असें ती सांगे. आज कित्येकदां तीच पट्टी, जें दाखवितां आलें असतें तें झांकण्याच्या कामीं येते.

तथापि ‘अधिक चित्र म्हणजे अधिक कृति’ हें समीकरण मला मान्य नाहीं. चौकट म्हणजे निवड. काय दाखवावयाचें याइतकेंच काय वगळावयाचें हेंहि दिग्दर्शक ठरवितो. पुष्कळ चित्रपटांच्या फिल्मवर चौकटीच्या वर-खालीं जें जास्तीचें चित्र असतें, तें दाखविण्यासाठीं घेतलेलेंच नसतें. तें उघडें केल्यानें कृति समृद्ध न होतां सैल पडते. शिवाय, घरच्या बदलत्या चौकटींत आपणांस सर्व मिळालें अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनीं वर सांगितलेला छाटलेला पांचवा हिस्सा विसरूं नये. झॅक स्नायडर यांनीं २०२१ सालीं आपला ‘जस्टिस लीग’ घरच्या प्रेक्षकांस दिला, तेव्हां उंच चौकट न छाटतां पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूंस पट्ट्या राहूं दिल्या. पडदा भरणें आणि कृति पुरी दाखविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें यावरून ध्यानांत येईल.

येथपर्यंत आपण ‘मूळ कृति’ असा शब्द निःशंकपणें वापरीत आलों. पण ती कोठें आहे? नोलन यांचा ‘ओपेनहायमर’ (२०२३) एकाच वेळीं आडव्या ७० मिलिमीटर फिल्मवर, उभ्या ७० मिलिमीटर फिल्मवर, ३५ मिलिमीटर फिल्मवर आणि संगणकीय प्रक्षेपणानें प्रदर्शित झाला, व या सर्वांच्या चौकटी सारख्या नव्हत्या. आयमॅक्स फिल्मवरील त्याची प्रत सुमारें ११ मैल लांब होती, आणि ती दाखवूं शकणारीं चित्रगृहें प्रदर्शनाच्या वेळीं साऱ्या जगांत सुमारें ३० होतीं; त्यांत भारतांतील एकहि नव्हतें. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनीं हा चित्रपट आवडीनें पाहिला, पण त्याची सर्वांत उंच चौकट त्यांनीं आपल्या शहरांत पाहिली नाहीं, पाहणें शक्यच नव्हतें. मग जी कृति पृथ्वीवरील मूठभर नगरांतच पूर्णरूपानें अवतरते तीच खरी, आणि बाकीच्या कोट्यवधि लोकांनीं पाहिली ती तिची सांवली, असें म्हणावयाचें काय? तसें म्हटलें तर कला ही भूगोलाची व पैशाची बटीक होते. आणि सर्व प्रती सारख्याच खऱ्या म्हटल्या, तर कलावंताच्या श्रमांस अर्थ उरत नाहीं.

या पेचांतून वाट काढण्यास आपल्याकडील एक उदाहरण उपयोगी पडेल. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. अब्दुल करीम खां यांच्यासारखा गवई मैफलींत एकेक राग तास-तासभर आळवी. मुद्रिकेसाठीं गातांना त्याला तोच राग तीन मिनिटांत मांडावा लागे. त्या मुद्रिका म्हणजे मैफलीचे तोडलेले तुकडे नव्हेत. गवयानें लहान भांडें ओळखलें, आणि त्या भांड्यांत मावेल असा रागाचा घाट नव्यानें बांधला. मैफल आणि मुद्रिका एक नव्हेत, हें गाणारास ठाऊक होतें व ऐकणारासहि ठाऊक होतें. म्हणून तेथें कोणाची फसवणूक झाली नाहीं. उलट, गवयास न विचारतां मैफलीच्या मधलीं कोणतींहि तीन मिनिटें उचलून ‘हाच तो राग’ म्हणून विकलीं असतीं, तर तो अपराध झाला असता.

हीच कसोटी चौकटीस लावावी. ‘द हंगर गेम्स : कॅचिंग फायर’ (२०१३) या चित्रपटांत नायिका भूमिगत नळींतून वर येऊन रणांगणांत उभी राहते, त्या क्षणीं चौकट उघडते. कोंडलेपणांतून उघड्यावर येणें हाच त्या प्रसंगाचा आशय असल्यामुळें, घरच्या लहान पडद्यावर ती हालचाल दिसली तरी बिघडत नाहीं. ती दिसण्यांतच अर्थ आहे. अँग ली यांच्या ‘लाइफ ऑफ पाय’ (२०१२) मध्यें उडणाऱ्या माशांच्या प्रसंगीं चौकट मुद्दाम अरुंद केली आहे, आणि मासे त्या काळ्या पट्टीवरूनहि उडून जातात. तेथें पट्टी हीच रचनेचा भाग झाली. अशा ठिकाणीं चौकट स्थिर करणें म्हणजे वाक्यांतील क्रियापदच खोडणें होय. परंतु ‘ट्रान्सफॉर्मर्स : द लास्ट नाइट’ (२०१७) या चित्रपटांत एकाच संभाषणांत, एका क्षणाकडून दुसऱ्या क्षणाकडे जातां जातां चौकट बदलत राहते. हा बदल कोणता कॅमेरा हाताशीं होता एवढेंच सांगतो. तो घरीं काटेकोरपणें जपणें ही कृतीची सेवा नसून कारखान्यांतील खुणांची पूजा आहे.

यावरून तीन कर्तव्यें निघतात असें मला वाटतें. पहिलें कर्तव्य कलावंताचें : आपली कृति बहुसंख्य लोक घरींच पाहणार हें ओळखून घरच्या पडद्यासाठीं त्यानें जाणीवपूर्वक निर्णय घ्यावा, तो दुसऱ्यावर सोपवूं नये. दुसरें प्रकाशकाचें : कोणती चौकट दिली, काय ठेवलें व काय छाटलें, हें वेष्टनावर स्पष्ट लिहावें, आणि दोन्ही रूपें देणें शक्य असतां एक रूप केवळ पुन्हां विकण्यासाठीं राखून ठेवूं नये. तिसरें आपलें, प्रेक्षकांचें : पडदा भरला म्हणजे पैसे वसूल झाले ही वृत्ति सोडावी, व पट्टी दिसतांच यंत्राची कळ फिरवून चित्र ताणण्यापूर्वीं ती पट्टी तेथें कां आहे असा प्रश्न स्वतःस विचारावा.

हें सर्व केवळ हौशी लोकांचें कौतुक आहे असें कोणी समजूं नये. आयमॅक्सची फिल्म दाखविणारीं चित्रगृहें आजच मोजकीं आहेत. यंत्रें झिजतात आणि तीं चालविणारे कसबी लोकहि विरळ होत जातात. पन्नास वर्षांनीं या चित्रपटांविषयीं जो कोणी मत बनवील तो बहुधा घरच्या प्रतीवरूनच बनवील, आणि तिच्याशीं ताडून पाहण्यास त्याच्याजवळ दुसरें कांहीं नसेल. ज्याच्या साक्षीशिवाय दुसरी साक्ष उरणार नाहीं, त्या साक्षीदारानें आपणांस जें दिसलें तें सांगावें, जें दिसलें नाहीं तेंहि सांगावें, आणि दोहोंची गल्लत करूं नये, एवढी अपेक्षा आपण न्यायमंदिरांत ठेवतों. कलेच्या प्रतीकडूनहि तितकीच ठेवावी.