अर्धशिशीची गोळी आणि आपली श्रद्धा

 

उधना, लिंबायत, डिंडोली, कुठल्याही सत्संगात बायका बसल्या की हा विषय निघतो. अर्धशिशी उठते, तरी बऱ्याच भगिनी गोळी घेत नाहीत. प्रारब्धाचा भोग आहे, भोगूनच संपवायचा. गोळी घेतली तर श्रद्धा कुठे राहिली, असं त्यांना वाटतं. यावर आम्ही सेवेकरी भगिनींनी जो विचार केला तो आपल्यापुढे ठेवतो.

लेकराला रात्री ताप भरला तर आपण प्रारब्ध म्हणून बसून राहतो का? तडक दवाखाना गाठतो. यजमानांच्या शुगरची गोळी तर आपणच त्यांच्या हातावर ठेवतो. मग प्रारब्धाचा नियम बाईच्या डोक्यापुरताच का? ताप थर्मामीटरवर दिसतो, शुगर रिपोर्टात दिसते. अर्धशिशी कशातच दिसत नाही, म्हणून ती सोसायची ठरते. ही श्रद्धा नव्हे, घराघरात पडलेली सवय आहे.

हे दुखणं खोटं नाही. उपाय केला नाही तर एकदा उठलेली अर्धशिशी ४ ते ७२ तास राहू शकते. पुरुषांपेक्षा बायकांना ती दुपटी-तिपटीने जास्त होते. सुश्रुतसंहितेत 'अर्धावभेदक' नावाने ती आहे आणि तिथे उपचारही सांगितले आहेत. रामकृष्ण परमहंसांना १८८५ मध्ये घशाचा आजार झाला, तेव्हा डॉ. महेंद्रलाल सरकार यांचं औषध चालू होतं. औषधाने त्यांची भक्ती उणी झाली, असं कोण म्हणेल?

दुसरी शंका अशी, की दुखत नसताना रोज गोळी कशाला? महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल तर डॉक्टर कधी कधी रोजची प्रतिबंधक गोळी देतात. प्रोप्रानोलॉल त्यातलीच एक. ती दम्याच्या रुग्णाला चालत नाही, काही दुसऱ्या गोळ्या गर्भारपणात चालत नाहीत, म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नये. गुण कळायला दोन-तीन महिने लागतात. सप्टेंबर १९९४ मध्ये आपल्या सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा धडधाकट माणसांनीही टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल घेतल्या. त्यात श्रद्धेचा प्रश्न कुणी काढला नाही. ठरल्या वेळी घेतलेली गोळी हाही एक नेमच आहे.

पण नेम मोडला तर औषधही उलटतं. मेडिकलमधून पट्टी आणून महिन्याला १५ दिवस साधी पेनकिलर घेत राहिलं, तर त्या गोळीनेच डोकेदुखी वाढते. काही गोळ्यांना १० दिवसही पुरतात. झटक्याची गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, पण दुखणं सुरू होताच घ्यावी. उपाशी राहिल्याने ज्यांचं डोकं उठतं त्यांनी एकादशीला निर्जळी करू नये, फराळ वेळेवर घ्यावा. अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, बोबडी वळली किंवा हातपाय लुळे पडले तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

घरातल्या बंधूंना एक विनंती. तिला बरं वाटावं ते स्वयंपाक अडतो म्हणून नव्हे, तर ते दुखणं तिला होतं म्हणून. खोलीत अंधार करा, टीव्ही बंद करा आणि डॉक्टरांकडे सोबत जा.

मग सहन करण्याला अर्थच नाही का? आहे. औषधाने अर्धशिशी मुळापासून जातेच असं नाही. झटके निम्मे झाले तरी डॉक्टर गुण आला म्हणतात. उपाय करून जे उरेल ते सोसायला नामस्मरण आहे. उपाय हाताशी असताना सोसत बसणं याला तप म्हणू नये, असं आम्हाला वाटतं.

सद्गुरू सर्वांना आरोग्य देवोत.