खालून आलेली हाक

सांदण दरीत उतरताना एक जागा अशी येते, की आपल्या पुढे गेलेला माणूस एकदम दिसेनासा होतो. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ, रतनगडाच्या शेजारी ही दरी आहे. जमिनीला पडलेली ही उभी चीर सुमारे 2 किलोमीटर कोकणाकडे उतरत जाते. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, कुठे कुठे 200 फुटांहून उंच. मधली वाट काही ठिकाणी इतकी अरुंद, की भर दुपारीही ऊन तळाशी पोचत नाही. सुरुवातीलाच थंडगार पाण्याची कुंडं लागतात. बूट हातात, पिशवी डोक्यावर घेऊन ती पार करायची. वाळवंटी मुलखात पाणी बहुधा वालुकाश्म झिजवून अशा घळी कोरतं. आपल्याकडे त्याच पाण्याने 6 कोटी वर्षांहून जुना लाव्हाचा खडक चिरला आहे. पावसाळ्यात इथे उतरणं जिवावर बेतू शकतं, म्हणून मित्रमंडळी जमतात ती हिवाळ्यात. आम्ही जालन्याची माणसं. आमचा मुलूख सपाट, मोसंबीच्या बागांचा. कातळ तोच, पण अशी काळी उभी भिंत आम्ही पाहिलेली ती विहिरीत डोकावून. इथे त्या विहिरीच्या तळातूनच चालत गेल्यासारखं वाटतं.

पुढे 40-50 फुटांचा कडा आडवा येतो. तिथे दोराशिवाय उतरता येत नाही. कमरेला हार्नेस, त्याला लोखंडी कडी, कडीतून दोर. एका वेळी दोरावर एकच जण. खाली पोचलेला माणूस कडी सोडवतो, बाजूला होतो आणि वर तोंड करून ओरडतो, ‘रोप फ्री!’ मगच पुढचा निघतो. वरच्यांना खालचं काही दिसत नाही, कड्याचा फुगवटा मध्ये येतो. दोर सैल पडलेला कळतो, पण का सैल पडला ते दोर सांगत नाही. माणूस तळाला टेकला, की मध्येच कपारीत पाय रोवून दम खातोय? म्हणून हाक आल्याशिवाय वर कोणी हलत नाही. मला या हाकेचं फार कौतुक वाटतं. खाली पोचलेल्याचे हात अजून थरथरत असतात, घशाला कोरड पडलेली असते, आपण उतरलो याचाच आनंद मावत नसतो. त्याच्यापुरतं काम संपलेलं असतं. तरी तो आधी वर बघतो आणि थांबलेल्याला मोकळं करतो. तिथे लांबलचक वाक्य चालत नाही. भिंतींवर आपटून ते घुमतं आणि मोडून जातं. धबधबा असलेल्या घळीत तर शब्दही ऐकू येत नाहीत, तिथे शिट्टीच्या खुणा आधीच ठरवून घेतात. छोटी, स्पष्ट खूण पुरते.

जालन्यात ही हाक आम्ही लहानपणापासून ऐकतो. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येणार, कधी पहाटे, कधी भर दुपारी. ज्याच्या तोटीतून आधी आवाज येतो, तो स्वतःची घागर लावता लावता गल्लीभर ओरडतो, ‘नळ आले!’ शेजारीण कामाला गेलेली असेल तर तिच्या सासूबाईंचं दार वाजवून सांगायचं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. (त्या पाण्याचीही एक गंमत आहे. रतनगडाच्या पूर्वेला पडलेला पाऊस प्रवरेतून भंडारदऱ्याच्या 1926 सालच्या धरणात येतो, पुढे प्रवरासंगमाला गोदावरीला मिळतो, पैठणच्या नाथसागरात साठतो. आमच्या शहराचं पाणी तिथून पाइपाने येतं. तोच पाऊस पलीकडे, पश्चिमेला पडला की सांदणसारख्या घळींतून कोकणात निघून जातो.) मळ्यातही हेच. बागेला रात्रीची लाइट असली की मोटर चालू करायला गेलेला माणूस घरी फोन करतो, ‘चालू झाली.’ दोनच शब्द. अंधारातून, विंचूकाट्यातून तो नीट पोचला, हे त्या दोन शब्दांत येतं. घरची मग डोळा लावते.

रोजच्या धावपळीत मात्र हा शब्द आपल्याकडून राहून जातो. माया कमी असते म्हणून नव्हे. आपल्या बाजूने गोष्ट संपलेली असते, म्हणून त्यात सांगण्यासारखं काही उरलं आहे असं वाटतच नाही. ऑफिसात आपण तक्ता पूर्ण करून ठेवतो, आणि पलीकडच्या टेबलावर कोणीतरी त्याच तक्त्याची वाट बघत बसलेलं असतं. मामींचा रिपोर्ट चांगला आला, आपण औषधं घेऊन रिक्षात बसलो. गावाकडे मामा अजून अंगणात येरझारा घालतायत. उसने घेतलेले पैसे खात्यात टाकले, पण ‘टाकले हो’ एवढं म्हणायचं राहिलं. थांबलेल्या माणसाला आपली अडचण दिसत नसते, तसा आपला आनंदही दिसत नसतो. काम झालं नसेल तर तेही सांगावं. ‘आज जमलं नाही, उद्या बघतो’ हे ऐकून कोणी रागावलं तरी त्याचं ताटकळणं संपतं. खाली दोर कपारीत अडकला असेल तर वरच्याला ते लवकर कळलेलं केव्हाही चांगलं. आणि हाक कानावर पडली की वरच्यानेही ‘ऐकू आलं’ म्हणावं, म्हणजे खालच्याला पुन्हा पुन्हा ओरडावं लागत नाही. मुलगा सुखरूप पोचल्याचं कळवतो तेव्हा वडील नुसतं ‘बरं’ म्हणतात. तेवढंही पुष्कळ असतं. आपल्या एका शब्दासाठी कोण थांबलंय असं सकाळी डबा भरताना मनाशी विचारलं, तर एखादं नाव लगेच समोर येतं. चहा गाळून होईपर्यंत तेवढा फोन होतो.